टाक्यांचे माप
विणकामातील व क्रोशाच्या कामातील नमुना-तुकड्याचा विचार

विणकामाच्या पुस्तकात प्रत्येक नमुन्याच्या आरंभी, लोकरीचे वजन व सुयांचा नंबर दिल्यानंतर, एक लहानशी ओळ छापलेली असते : '१० सेंटिमीटर चौरसात २२ टाके व २८ ओळी.' अनेक वाचक ही ओळ ओलांडून पुढे जातात आणि 'इतके टाके घाला' ह्या पहिल्या सूचनेपासून कामास आरंभ करतात. वस्तुतः पुढील सर्व सूचना ह्या एका ओळीवर उभ्या असतात. नमुना रचणाऱ्याचा हात, त्याची लोकर व त्याच्या सुया ह्या तिहींचा एकत्रित परिणाम त्या ओळीत नोंदलेला असतो. इंग्रजी पुस्तकांत त्यास 'टेन्शन' अथवा 'गेज' म्हणतात. येथे त्यास 'टाक्यांचे माप' म्हटले आहे.

शिंप्याचे काम आणि विणकाम ह्यांत एक मूलभूत भेद आहे. शिंप्यापुढे कापड तयार असते. तो फितीने मोजतो, खडूने रेघ ओढतो आणि मग कात्री चालवतो. विणणारी व्यक्ती कापड व कपडा ही दोन्ही एकाच वेळी निर्माण करीत असते. तिच्या हिशेबाचे एकक सेंटिमीटर नसून टाका हे असते; आणि टाका हे असे एकक आहे की ते दोन हातांत सहसा सारखे उतरत नाही. म्हणूनच, कामास हात घालण्यापूर्वी आपला टाका किती मोठा आहे हे ठरवून घेणे अवश्य ठरते.

अर्ध्या टाक्याची किंमत

समजा, शाळेत जाणाऱ्या एका मुलाची छाती ७० सेंटिमीटर आहे. शर्टावरून घालता यावा म्हणून स्वेटरचा घेर ८० सेंटिमीटर धरला. पुस्तकातील माप १० सेंटिमीटरला २२ टाके, म्हणजे १ सेंटिमीटरला २.२ टाके असे आहे. तेव्हा घेरासाठी ८० × २.२ = १७६ टाके लागतील. पुस्तकात हाच आकडा छापलेला असतो.

आता विणणारीचा हात जरा सैल आहे व तिचे १० सेंटिमीटरला २० टाके बसतात, असे मानू. तिने पुस्तकाबरहुकूम १७६ टाके घातले, तर घेर ८८ सेंटिमीटर होईल आणि स्वेटर मुलाच्या अंगावर लोंबू लागेल. उलट तिचा हात घट्ट असून २४ टाके बसत असतील, तर घेर ७३ सेंटिमीटरांच्या आसपास राहील. छाती ७० सेंटिमीटर असलेल्या मुलाला तो शर्टावरून चढवताच येणार नाही. दोन्ही प्रसंगी एकही टाका मोजण्यात चुकलेला नाही, एकही ओळ गळलेली नाही. सूचना तंतोतंत पाळूनही वस्तू निरुपयोगी झाली, ह्याचे कारण एवढेच की सूचना एका हाताच्या होत्या आणि काम दुसऱ्या हाताचे होते.

हा भेद डोळ्यांना सहज दिसत नाही, हीच खरी अडचण होय. २२ टाक्यांच्या मापात एका टाक्याची रुंदी सुमारे ४.५ मिलिमीटर असते, तर २४ टाक्यांच्या मापात ती सुमारे ४.२ मिलिमीटर असते. एका टाक्यातील हा फरक केसाएवढा असला, तरी तो १७६ वेळा साठत जातो व अखेरीस साडेसहा सेंटिमीटरांहून अधिक भरतो.

फरक केवळ आकारात पडत नाही. लोकरीच्या खर्चातही पडतो. घट्ट विणीत तेवढ्याच क्षेत्रात टाके अधिक बसतात. प्रत्येक टाका लहान असल्याने त्यास धागा कमी लागतो हे खरे. परंतु टाक्यांची संख्या त्याहून अधिक वेगाने वाढते. परिणामी २२ ऐवजी २४ टाक्यांच्या मापाने तेवढेच कापड विणल्यास सुमारे ९ टक्के लोकर अधिक लागते. ३०० ग्रॅमचा, म्हणजे ५० ग्रॅमच्या सहा गुंड्यांचा अंदाज असेल, तर सातवा गुंडा आणावा लागतो. आणि तो रंगवणीच्या दुसऱ्या खेपेतील निघाला, तर बाहीचा रंग अंगाशी जुळत नाही.

टाका आणि त्याचा नियम

सुईवर विणलेल्या कापडाकडे बारकाईने पाहिल्यास, एकच सलग धागा नागमोडी वळणे घेत गेलेला दिसतो. प्रत्येक वळण खालच्या ओळीतील वळणातून ओवलेले असते. आडव्या दिशेने शेजारी शेजारी असणाऱ्या वळणांची ओळ बनते, तर एकावर एक चढणाऱ्या वळणांची उभी रांग बनते. कापडास ताणले असता ते लांबते, ह्याचे कारण धागा ताणला जातो हे नव्हे. वळणांचा आकार बदलतो हे होय.

विणलेल्या कापडाचा हा भूमितीय विचार ब्रिटिश संशोधक डी. एल. मंडेन ह्यांनी पद्धतशीर मांडला. साध्या विणीच्या लोकरी कापडावरील त्यांचा निबंध १९५९ मध्ये ब्रिटनमधील टेक्स्टाइल इन्स्टिट्यूटच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील मुख्य निष्कर्ष समजण्यास सोपा आहे. कापडावरील सर्व ओढ नाहीशी होऊन ते विसावले म्हणजे त्यातील टाक्यांची दाटी मुख्यतः एकाच गोष्टीवर अवलंबून राहते : एका टाक्यात किती लांबीचा धागा गेला आहे. कोरड्या स्थितीत विसावलेल्या कापडात, १ सेंटिमीटरमधील टाक्यांची संख्या व एका टाक्यातील धाग्याची सेंटिमीटरमधील लांबी ह्यांचा गुणाकार सुमारे ३.८ येतो, तर ओळींची संख्या व तीच लांबी ह्यांचा गुणाकार सुमारे ५.० येतो.

हे आकडे यंत्रावर विणलेल्या कापडाचे आहेत. तथापि हाताच्या विणीसही ते बरेच जवळचे ठरतात. १ सेंटिमीटरला २.२ टाके असतील, तर एका टाक्यातील धागा ३.८ ÷ २.२, म्हणजे सुमारे १.७३ सेंटिमीटर असला पाहिजे. त्यावरून ओळी ५.० ÷ १.७३, म्हणजे १ सेंटिमीटरला सुमारे २.९ किंवा १० सेंटिमीटरला २९ येतात. पुस्तकांत २२ टाक्यांच्या सोबत २८ अथवा ३० ओळी का छापलेल्या असतात, ह्याचा उलगडा येथे होतो. एक ओळ सुलट व एक ओळ उलट अशा विणीतील टाका उंचीपेक्षा रुंद असतो, आणि ते प्रमाण सुमारे १.३ आहे.

तेव्हा सुईची जाडी, बोटांची पकड व लोकरीचा प्रकार ह्या सर्व गोष्टींचा परिणाम शेवटी एका टाक्यात जाणाऱ्या धाग्याच्या लांबीतून प्रकट होतो. जाड सुईभोवती वळण मोठे पडते. बोटावर धागा अधिक वेढे घेऊन आला तर तो घट्ट ओढला जातो. गुळगुळीत धातूच्या सुईवर टाके सरकतात, तर बांबूच्या सुईवर ते किंचित अडतात. नमुना-तुकडा विणणे म्हणजे ह्या सर्व कारणांचा निकाल एकदम मोजणे.

यंत्राचे गेज

मोजे विणण्याचे पहिले यंत्र इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळील कॅल्व्हर्टन येथील विल्यम ली ह्याने १५८९ मध्ये तयार केले. त्याच्या पहिल्या यंत्रावर दर इंचास ८ सुया होत्या. त्यामुळे त्यावर लोकरीचे जाडेभरडे मोजेच निघू शकत. रेशमी मोजे विणण्यासाठी त्यास पुढे इंचास २० सुयांचे यंत्र घडवावे लागले. आजही गोल विणाई-यंत्राचे गेज म्हणजे त्याच्या एका इंचात असलेल्या सुयांची संख्याच होय. तमिळनाडूतील तिरुप्पूर येथे सुती बनियन व टी-शर्ट, आणि पंजाबातील लुधियाना येथे लोकरी स्वेटर मोठ्या प्रमाणावर तयार होतात. टी-शर्टाच्या कापडासाठी २४ किंवा २८ गेजची यंत्रे सर्रास वापरली जातात, तर जाड स्वेटरांसाठी इंचास त्याहून पुष्कळच कमी सुया असलेली यंत्रे लागतात.

यंत्रावर सुयांमधील अंतर कायम असते आणि प्रत्येक टाक्यास दिला जाणारा धागा नियंत्रित करता येतो. हातास असे नियंत्रण नाही. म्हणून यंत्राचे गेज यंत्राच्या पत्र्यावर कोरता येते. हाताचे गेज मात्र प्रत्येक नव्या कामाच्या वेळी मोजूनच घ्यावे लागते.

सुयांचे नंबर

मापाच्या गोंधळाचे एक कारण सुयांच्या नंबरांत आहे. भारतात चालत आलेली पद्धत ब्रिटिश होय. तारेच्या जाडीच्या जुन्या मोजणीप्रमाणे तीत नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर, १० नंबरची ३.२५ मिलिमीटर व १२ नंबरची २.७५ मिलिमीटर जाडीची असते. अमेरिकन पद्धत नेमकी उलट आहे. तीत नंबर वाढला की सुई जाड होते, आणि ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. अमेरिकन पुस्तकातील ८ नंबर वाचून भारतीय ८ नंबरची सुई घेतल्यास सबंध कपडाच आखूड व अरुंद होईल. योगायोगाने ७ नंबर दोन्ही पद्धतींत ४.५ मिलिमीटरचाच आहे. नंबरापेक्षा मिलिमीटरमधील जाडीवर विसंबणे, हा सर्वांत निर्धोक मार्ग होय.

नमुना-तुकडा कसा करावा

ज्या लोकरीने व ज्या सुयांनी कपडा विणावयाचा, त्यांनीच नमुना-तुकडा विणावा. तो सुमारे १५ सेंटिमीटर चौरस असावा. कडेचे टाके नेहमी ओढलेले अथवा सैल पडतात, म्हणून मोजण्याजोगा १० सेंटिमीटरचा भाग मध्यभागी मिळाला पाहिजे. आरंभी व शेवटी चार ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांस चार टाके केवळ सुलट विणावेत, म्हणजे तुकडा गुंडाळला जाणार नाही. मधला भाग कपड्यातील विणीचाच असावा. साध्या विणीचे माप घेऊन उलट-सुलट टाक्यांची बॉर्डर किंवा वेणीची वीण विणू नये, कारण ह्या विणी कापडास आत ओढतात. कपडा गोल सुयांवर विणावयाचा असेल, तर तुकडाही गोलच विणावा. सपाट विणताना येणाऱ्या उलट ओळी कित्येकांच्या हातून सैल पडतात.

तुकडा विणून झाल्यावर टाके बंद करावेत आणि कपडा ज्या रीतीने धुतला जाणार त्याच रीतीने तो धुवावा. पाणी टॉवेलात दाबून काढावे, तुकडा न ताणता सपाट पसरावा आणि पूर्ण वाळल्यावरच मोजावा. मोजण्यासाठी कापडी फितीपेक्षा लाकडी अथवा धातूची पट्टी चांगली. १० सेंटिमीटरच्या दोन्ही टोकांस टाचण्या लावाव्यात व मधले टाके मोजावेत. अर्धा टाका आल्यास तो अर्धाच लिहावा. हीच मोजणी तीन ठिकाणी करून सरासरी घ्यावी.

तुकडा मोठा का असावा, हे आकड्यांनी स्पष्ट होते. केवळ ५ सेंटिमीटर मोजले आणि ११.५ टाके असता ११ लिहिले, तर १० सेंटिमीटरला २३ ऐवजी २२ टाके धरले जातात. मग ८० सेंटिमीटरचा ठरवलेला घेर ७६.५ सेंटिमीटर होतो. तीच अर्ध्या टाक्याची चूक १० सेंटिमीटरवर झाली, तर घेर ७८.३ सेंटिमीटर राहतो. मोजण्याची लांबी दुप्पट झाली की चुकीचा परिणाम जवळजवळ निम्मा होतो. हा नियम विणकामापुरता नाही. प्रयोगशाळेतील प्रत्येक मोजमापास तो लागू आहे.

धुणे का आवश्यक

विणताना धागा ओढला जातो आणि वळणांत थोडा ताण अडकून राहतो. पाण्यात भिजल्यावर तंतू मोकळे होतात आणि वळणे आपल्या स्वाभाविक आकाराकडे परततात. मंडेन ह्यांच्या मोजणीत, भिजून विसावलेल्या कापडासाठी ३.८ च्या जागी सुमारे ४.१ व ५.० च्या जागी सुमारे ५.३ असे आकडे आले. ह्याचा अर्थ असा की, न धुतलेल्या कापडावरून ८० सेंटिमीटर ठरवलेला घेर धुतल्यानंतर ७४ सेंटिमीटरांवर येऊ शकतो. हाताच्या विणीत कधी कापड आक्रसते, तर कधी उलट पसरते. कोणत्या लोकरीचे काय होईल हे धुऊन पाहिल्यावरच कळते.

निरनिराळ्या तंतूंचे स्वभावही निरनिराळे असतात. मेंढीच्या लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात; गरम पाणी व घासणे ह्यांमुळे ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून जाड होते. सुती धाग्यात लवचीकपणा कमी असल्याने सुती कपडा स्वतःच्या वजनाने खाली ओढला जातो. त्याचा तुकडा एक दिवस टांगून नंतर मोजणे हितावह असते. बाजारात 'लोकर' ह्या नावाने मिळणारा पुष्कळसा धागा ॲक्रिलिकचा असतो. त्यावर गरम इस्त्री फिरवल्यास वीण कायमची चपटी व सैल होते.

माप जुळले नाही तर

१० सेंटिमीटरमध्ये टाके ठरल्यापेक्षा अधिक आले, तर एक आकार जाड सुई घ्यावी. कमी आले, तर बारीक सुई घ्यावी. आणि पुन्हा तुकडा विणावा. सुई तीच ठेवून 'जरा घट्ट' किंवा 'जरा सैल' विणण्याचा प्रयत्न करू नये. पहिल्या काही ओळींपुरते लक्ष राहते, नंतर हात आपल्या सवयीवर जातो आणि कपड्याचा वरचा भाग खालच्या भागाहून वेगळा होतो.

टाके जुळले पण ओळी जुळल्या नाहीत, असे पुष्कळदा घडते. अशा वेळी टाक्यांचे माप प्रमाण मानावे, कारण रुंदी एकदा घातलेल्या टाक्यांनी ठरून जाते. उंची मात्र दोन-चार ओळी अधिक-उणे विणून साधता येते. बाही विणताना मात्र सावधगिरी हवी. 'दर सहाव्या ओळीस वाढ, असे १२ वेळा' अशी सूचना असल्यास एकूण ७२ ओळी होतात. १० सेंटिमीटरला २८ ओळी असतील, तर त्या २५.७ सेंटिमीटर भरतात. ३२ ओळी असतील, तर केवळ २२.५ सेंटिमीटर. बाहीचा उतार त्या हिशेबाने पुन्हा मांडून घ्यावा.

आपलेच माप कायम ठेवून आकडे बदलणे, हाही एक मार्ग आहे. २० टाक्यांच्या मापाने ८० सेंटिमीटर घेरास ८० × २ = १६० टाके लागतील. वीण १२ टाक्यांनी पुनरावृत्त होत असेल, तर १५६ किंवा १६८ हा जवळचा आकडा घ्यावा व घेर अनुक्रमे ७८ अथवा ८४ सेंटिमीटर होईल, हे आधीच जाणून निवड करावी.

क्रोशाचे काम

क्रोशाच्या कामात एका वेळी सहसा एकच वळण सुईवर असते व प्रत्येक टाका तेथल्या तेथे पुरा होतो. त्यामुळे टाक्याची उंची, हात वळण किती वर उचलतो ह्यावर अवलंबून राहते. येथेही १० सेंटिमीटरमधील टाके व ओळी मोजाव्यात. गोल नक्षी असेल, तर पहिले तीन-चार फेरे विणून त्यांचा व्यास पुस्तकाशी ताडून पाहावा. नावांच्या बाबतीतही दक्षता हवी. ज्यास मराठीत मुका खांब म्हणतात, त्यास अमेरिकन पुस्तके 'सिंगल क्रोशे' आणि ब्रिटिश पुस्तके 'डबल क्रोशे' म्हणतात. आपल्या खांबास अमेरिकन 'डबल' व ब्रिटिश 'ट्रेबल' हे नाव आहे. पुस्तक कोणत्या देशाचे हे न पाहिल्यास 'डबल' ह्या एका शब्दाने कापडाची उंची जवळजवळ दुप्पट किंवा निम्मी होऊ शकते.

सपाट गोल रुमाल विणताना टाक्याच्या मापाचा एक सुंदर परिणाम दिसतो. प्रत्येक फेऱ्याबरोबर वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याच्या उंचीइतकी वाढते. म्हणून परिघ त्या उंचीच्या ६.२८ पट वाढला पाहिजे. मुक्या खांबाची उंची व रुंदी सुमारे सारखी असते. तेव्हा दर फेऱ्यास ६ टाके वाढवावे लागतात. खांब रुंदीच्या सुमारे दुप्पट उंच असतो; म्हणून त्यास १२ टाक्यांची वाढ लागते. वाढ कमी पडली, तर काम टोपीसारखे खोल होते. अधिक झाली, तर कडेस झालर पडते. आजीने नातीस तोंडी सांगितलेला '६ आणि १२' हा नियम म्हणजे वर्तुळाच्या परिघाचे सूत्रच होय.

अनेक हातांचे एक काम

एकट्याने एकच वस्तू विणताना मापाची चूक झाली, तर उसवून पुन्हा विणता येते. अनेक हात एकत्र काम करतात तेव्हा मात्र प्रश्न गंभीर होतो. आंध्र प्रदेशातील नरसापूर परिसरात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांबरोबर क्रोशाच्या लेसचे काम आले व तेथील असंख्य स्त्रियांचा तो घरबसल्या व्यवसाय झाला. त्यात फुले व इतर भाग वेगवेगळ्या स्त्रिया विणतात आणि नंतर ते एकत्र जोडले जातात. जी मजुरी नगावर मिळते, तीत लहान-मोठा उतरलेला तुकडा म्हणजे वाया गेलेले श्रम होत. १९६२ च्या चीन-भारत युद्धाच्या वेळी देशाच्या अनेक भागांतील स्त्रियांनी जवानांसाठी लोकरी कपडे विणले. अशा कार्यात विणणारी व्यक्ती घालणाऱ्यास कधी पाहत नाही. दोघांमध्ये कागदावरील माप एवढाच दुवा असतो. बर्फात पहाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसास स्वेटर अंगात शिरला नाही, तर त्यामागील सद्भावना त्याच्या अंगाला ऊब देऊ शकत नाही. शाळेत अथवा महिला मंडळात सामूहिक विणकाम घ्यावयाचे असल्यास, प्रत्येकीचा नमुना-तुकडा आधी मोजून तिला योग्य जाडीची सुई द्यावी. सुया निरनिराळ्या झाल्या तरी चालेल. टाके सारखे आले पाहिजेत.

अभ्यास

१. एका धुतलेल्या तुकड्यात १२ सेंटिमीटरला ३० टाके आहेत. १० सेंटिमीटरला किती? ४० सेंटिमीटर रुंदीच्या पाठीस किती टाके घालावे लागतील?

२. १० सेंटिमीटरला ३० ओळी असतील, तर १८ सेंटिमीटर उंचीच्या बगलेस किती ओळी लागतील?

३. क्रोशाचा एक टाका रुंदीच्या १.३ पट उंच आहे. सपाट गोलासाठी दर फेऱ्यास किती टाके वाढवावेत?

४. तीन विद्यार्थ्यांनी एकाच गुंड्याची लोकर व एकाच जाडीच्या सुया घेऊन प्रत्येकी एक नमुना-तुकडा विणावा. धुण्यापूर्वीचे व धुतल्यानंतरचे माप तक्त्यात लिहून, १७६ टाक्यांचा घेर प्रत्येकाच्या हातून किती होईल ते काढावे.

उत्तरे : १. २५ टाके, १०० टाके. २. ५४ ओळी. ३. ६.२८ × १.३ = ८.२, म्हणजे ८ टाके.